कुत्रा कुठे गेला?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि मराठीच्या बाई आठवल्या. बाकीचे शिक्षकही चांगलेच होते, पण पान एकच आहे; ते बाईंचं.

शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी आलेल्या निम्म्या गोष्टींत पहिल्याच पानावर दारात मोती असायचा आणि तिसऱ्या पानावर तो बेपत्ता. समासात लाल शेरा : ‘कुत्रा कुठे गेला?’ घर आठ दिवस बंद, मग त्याला खायला कोण घालतंय? चोर आला तेव्हा तो भुंकला का नाही? नसेल भुंकला, तर चोर ओळखीचा निघायला हवा.

प्राणी खोडून गोष्ट वाचायची, ही बाईंची कसोटी. काही अडलं नाही, तर तो शोभेचा. दाखला महाभारताच्या शेवटच्या, पांडवांच्या महाप्रस्थानाचा. पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा. वाटेत एकेक जण पडतो. कुत्रा नुसता मागून चालतो. त्याला नाव नाही, गुणवर्णन नाही. मग रथ घेऊन आलेला इंद्र म्हणतो, याला सोड, आणि युधिष्ठिराची सगळी परीक्षा त्याच्यावर येऊन ठेपते. निघतानाच मोजून ठेवलाय, म्हणून तो शेवटी उपरा वाटत नाही.

तपशिलाला बाई फार कडक. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूशच असं नाही. ताठ, उंच धरून हलवली तर तो इशारा असतो. मांजर शेपटी आपटतं ते वैतागून. ते दुखण्यातही घुरघुरतं, आणि मांडीवरच्या माणसाला वाटतं, बरं आहे त्याला! गोष्टीला एवढी चूक पुरते. वयाचा हिशेबही हवा : कुत्रा साधारण 10 ते 13 वर्षं जगतो, तेव्हा नायक पहिलीत असताना आणलेलं पिल्लू त्याच्या लग्नात उड्या मारणार नाही.

कुणाशी न बोलणारे आजोबा पोपटाशी बोलतात, तिथे ‘त्यांना वाटलं’ लिहावं लागत नाही. पोपटाने मात्र त्यातलं नेमकं वाक्य सुनेसमोर बोलू नये. ती फारच सोयीची युक्ती. रडवण्यासाठी कुत्रा मारणं तर बाईंना शुद्ध आळस वाटे. मारायचाच तर एका वाक्यात. परिच्छेद खर्चायचा तो खुंटीवरच्या साखळीवर.

हल्ली कथास्पर्धांचं परीक्षण करताना तोच शेरा माझ्या हातून उतरतो. हस्तलिखित बंद झाल्याचं कळलं. कपाटातले जुने अंक तेवढे रद्दीत घालू नका. बाई समासातले शेरे अंकातही तसेच ठेवायच्या.