नव्वद दिवसांची पॉलिसी आणि माझं बिल

बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा नंबर छापायचा आग्रह आमच्या सीए काकांचा. २०२१ मध्ये त्यांनी माझ्या मागे लागून ती नोंदणी करून घेतली. मी म्हटलं, काका, माझ्याकडे लेथ नाही, प्रेस नाही, कामगार नाहीत. दोन कॅमेरे, चार लाईट आणि लागेल तेव्हा बोलावलेला एक असिस्टंट. ते म्हणाले, कायद्यात कारखानदाराइतकाच सेवा देणाराही बसतो, तू आधार आण. आधार, पॅन, मोबाइलवर आलेला ओटीपी, कामाच्या प्रकारात फोटोग्राफीचा ७४२० हा कोड, आणि सूक्ष्म उद्योग म्हणून प्रमाणपत्र हातात. एक रुपया लागला नाही. गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या काही साइट्स या नोंदणीचे पैसे मागतात, त्या सरकारी नव्हेत. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का तेवढं बघा.

पुढची दोन वर्षं तो नंबर बिलाच्या कोपऱ्यात नुसता बसून होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, चाकणच्या एका कंपनीचं काम आलं. इंजिन आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवणारी कंपनी. कॅटलॉगसाठी पार्टचे फोटो, आणि वेबसाइटसाठी संचालक व वरिष्ठ अधिकाऱ्यांची पोर्ट्रेट्स. पैसे बरे होते आणि काम माझ्या आवडीचं.

मशीनिंग झालेला स्टीलचा पार्ट म्हणजे आरसा. समोर जे असेल ते तो दाखवतो: लाईट, छत, कॅमेरा, माझा कुर्ता. थेट लाईट टाकला तर पांढरा डाग पडतो. म्हणून भोवती ट्रेसिंग पेपरचा आडोसा करायचा, लाईट त्या कागदावर मारायचा, आणि पार्टला धार यावी म्हणून दोन्ही अंगांना काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्या काळ्याचं प्रतिबिंब कडेवर पडलं की गोलाई उठून दिसते. पट्टी बोटभर सरकली तरी फोटो बदलतो. मॅक्रो लेन्सवर एफ ११ ला सुद्धा अख्खा गिअर शार्प येत नाही, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत बऱ्याच फ्रेम घ्यायच्या आणि नंतर कॉम्प्युटरवर जोडायच्या. त्यात पार्ट येतात गंजरोधक तेलात बुडवलेले. तेल पुसल्याशिवाय फोटो नाही, आणि पुसून ठेवलेला पार्ट पावसाळी हवेत बघता बघता तांबूस व्हायला लागतो. क्वालिटीचा एक पोरगा सुती हातमोजे घालून माझ्या शेजारीच उभा होता. फोटो झाला की पार्ट उचलायचा, तेल लावायचं, पुढचा पुसायचा. "ताई, झाला का? झाला का?" एवढंच तो बोलायचा.

पोर्ट्रेटची तऱ्हा उलटी. पार्ट हलत नाही, संचालक थांबत नाहीत. कॉन्फरन्स रूममध्ये आधी असिस्टंटला खुर्चीत बसवून लाईट लावून ठेवायचे, कारण साहेब येणार ते दोन मीटिंगांच्या मधे. निम्म्या साहेबांना चष्मा असतो आणि चष्म्यात सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाईटवरची पांढऱ्या कापडाची पेटी दिसते. उपाय सोपा आहे: काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काचा खाली झुकतात, चमक जाते. अवघड आहे ते एका मॅनेजिंग डायरेक्टरला "सर, काड्या जरा वर घ्या, अजून थोड्या" असं सांगणं. सांगितलं की बहुतेक जण हसतात, आणि फोटो त्याच क्षणी घ्यायचा असतो.

निवडलेले, रिटच केलेले फोटो २९ सप्टेंबरला मेलवर लिंक करून पाठवले आणि त्याच तारखेचं बिल जोडलं. काम १,८५,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ३३,३००, एकूण २,१८,३००. मार्केटिंग मॅनेजरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, फोटो मिळाले, सगळ्यांना आवडले, आभार. तो दोन ओळींचा मेल पुढे किती कामाला येणार आहे हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

बिल सप्टेंबरचं, म्हणजे त्याचा जीएसटी सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये, जो ऑक्टोबरात भरायचा. कंपनीने मला पैसे दिलेत की नाहीत याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. तेव्हा खिशात एक रुपया न येता मी त्या बिलाचा कर भरून मोकळी झाले होते. नव्याने या धंद्यात आलेल्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगते. 'जीएसटी वेगळा मिळतो' असं ऐकून त्यांना वाटतं आपलं काही जात नाही. मिळेपर्यंत जातोच की.

ऑक्टोबरअखेरीस फोन केला. पर्चेसमधले गृहस्थ गोड बोलायचे. "मॅडम, आमची पॉलिसी नव्वद दिवसांची आहे, पीओवर लिहिलंय." पीओ म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, आणि तिच्यावर लिहिलेलं होतं. डिसेंबर संपत आला, नव्वद दिवसही उलटले. मग कळलं की मार्केटिंग मॅनेजरने नोकरी सोडलीय. मग, सिस्टिममध्ये सर्व्हिस एंट्री, म्हणजे काम मिळाल्याची नोंद झाली नाही म्हणून बिल बुकच झालं नाही. एंट्री कोण करणार? ज्यांनी काम दिलं ते. ते कुठे आहेत? सोडून गेले. अकाउंट्सला फोन केला की ते पर्चेसकडे बोट दाखवत, पर्चेसवाले मार्केटिंगकडे, आणि मार्केटिंगच्या टेबलावर नवीन माणूस यायचा होता. दरम्यान चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये एका प्रदर्शनाला गेले तर त्यांच्या स्टॉलवर माझा गिअर पुरुषभर उंचीचा छापलेला. छपाई छान झाली होती. मीही त्याचा फोटो काढून घेतला, तारखेसकट.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फोटो वापरायला मनाई करायचा. परदेशी फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे सगळे हेच बोलतात: पैसे नाहीत तर हक्क नाहीत. एका वकील मैत्रिणीने मला शांतपणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदल्यात काढलेल्या फोटोची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, काम देणाऱ्याची. काढणारी मी, मालक ते. मोबदला दिलाच नाही यावर वाद घालता येईल, ती म्हणाली, पण वर्षं जातील आणि माझी फीसुद्धा. तो रस्ता तिथेच सोडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ असते आणि त्यावर मी सही घेते: संपूर्ण रक्कम मिळेपर्यंत कॉपीराइट माझ्याकडे, मिळाल्यावर ठरलेल्या वापराचा परवाना. ही ओळ बघून अजून तरी कुणी काम नाकारलेलं नाही. बरेच जण वाचत नाहीत असा माझा अंदाज आहे.

मग फाइल घेऊन सीए काकांकडे गेले. त्यांनी बिल बाजूला ठेवलं आणि माझं २६एएस उघडलं. हा आपल्या पॅनवर कुणी किती टीडीएस, म्हणजे आपल्या पैशातून आधीच कापलेला आयकर, भरला त्याचा आयकर खात्यातला उतारा. सप्टेंबर तिमाहीत त्या कंपनीच्या नावासमोर १,८५,००० आणि कापलेला टीडीएस १८,५००. काका खुशीत आले. "बिल बुक झालं नाही म्हणतात ना? मग कर कशावर कापला?" त्यांनी सांगितलं की टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमाखर्च टाकताना, जे आधी होईल तेव्हा कापतात. म्हणजे बिल त्यांच्या पुस्तकात सप्टेंबरपासून बसलेलं होतं. सरकारला माझ्या नावाने पैसे पोचले होते, फक्त मला नव्हते.

२००६ चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा त्यांनी थोडक्यात असा सांगितला. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात, पीओवर नव्वद छापले म्हणून ते नव्वद होत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. मिळालेल्या कामावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते मिळाल्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात, आणि इथे तर आवडल्याचा मेल होता. म्हणजे माझी मुदत १३ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, संपली होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५. माझ्या टीडीएस वजा जाता १,९९,८०० रुपयांवर महिन्याला तेहतीसशेच्या वर. नोंदणी काम करण्याच्या आधीची हवी, मागाहून केलेली अशा ठिकाणी टिकवणं कठीण. म्हणून २०२१ चा तो आग्रह.

जानेवारीत समाधान पोर्टलवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी साइटवर अर्ज भरला. उद्यम नंबर, कंपनीचा पत्ता, पॅन, ईमेल, पीओ, बिल, रक्कम. कागद तयार होते, फॉर्म एका बैठकीत झाला. मी स्टॉलवरचा फोटो, आभाराचा मेल आणि २६एएसचं पानही लावलं. अर्ज जातो राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे. तिथे आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. कायद्यात निकालाला ९० दिवस दिलेत, पण त्यावर विसंबून घराचे हप्ते ठरवू नयेत असं मला अनुभवी लोकांनी बजावलं. मात्र निकाल विरोधात गेला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे दोन लाखांसाठी कुणी हौसेने लढत नाही.

अर्जाची प्रत मी पर्चेसला पाठवली नाही. थेट फायनान्सच्या प्रमुखांना पाठवली. सोबत काकांनी लिहून दिलेला छोटा मेल. त्यात रागाचा शब्द नाही. एक, टीडीएस कापला आहे, म्हणजे बिल मान्य आहे. दोन, माझ्या बिलावर तुम्ही जीएसटीची वजावट घेतली असेल तर १८० दिवसांत पैसे न दिल्यास ती व्याजासह परत करावी लागते, आणि ते १८० दिवस २७ मार्चला संपतात. तीन, आयकराचं कलम ४३बी(एच).

हे तिसरं त्या वर्षी नवं कोरं होतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नियम असा, की सूक्ष्म वा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चपर्यंतही थकलेलंच राहिलं, तर त्या खर्चाची वजावट कंपनीला त्या वर्षी मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळते. तोवर तेवढ्या नफ्यावर कर भरा. २०२४ चा फेब्रुवारी-मार्च ज्यांनी धंद्यात काढलाय त्यांना आठवत असेल, कधी नव्हे ते मोठ्या कंपन्यांचे मेल यायला लागले: तुमचं उद्यम प्रमाणपत्र ताबडतोब पाठवा. ज्यांनी वर्षभर फोन उचलला नाही ते आपण होऊन विचारत होते.

मला फोन आला मार्चच्या पहिल्या आठवड्यात. या वेळी अकाउंट्समधल्या वरिष्ठ बाई होत्या. "मॅडम, तुम्ही ते ऑनलाइन काय केलंय ते मागे घ्या, पेमेंट लगेच रिलीज करते." मी म्हटलं, पैसे आले की मागे घेते. "आमच्यावर विश्वास नाही का?" आहे, पण क्रम हाच. त्यावर त्या हसल्या. मला वाटतं त्यांनाही तेच उत्तर अपेक्षित होतं.

व्याजावर बोलणं अडलं. हिशेब तेरा हजारांच्या आसपास जात होता. मुद्दल उद्या, व्याजाचं मंजुरीला पाठवावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. कायदा माझ्या बाजूने होता आणि माझ्या ओळखीतला एक फोटोग्राफर म्हणतो की आपण सोडून देतो म्हणूनच हे सोकावतात. त्याचं चूक नाही. पण मला एप्रिलच्या आधी लेन्सचा हप्ता आणि असिस्टंटचे राहिलेले पैसे द्यायचे होते. मी मुद्दल घेतलं, व्याज सोडलं. पैसे खात्यात दिसल्यावर अर्ज मागे घेतला.

या नियमाला दुसरी बाजूही आहे. त्याच सुमारास एका सहकाऱ्याला त्याच्या क्लायंटने सुचवलं की उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर आम्हाला नोंदणी नसलेला व्हेंडर बघावा लागेल. त्याने रद्द केली. महिन्याला येणारं काम होतं, मी त्याला काय सांगणार? एकट्या माणसाला जे कवच दिलंय ते काढून ठेवायची अटच कामाची अट झाली, तर कायदा तिथे पोचत नाही.

वर्षभराने त्याच कंपनीच्या नव्या मार्केटिंग मॅनेजरचा फोन आला. जुने फोटो फार आवडले म्हणाली, नवीन पार्ट आलेत. मी कोटेशन पाठवलं, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली ४५ दिवसांत. पर्चेसचं उत्तर आलं, ॲडव्हान्स पॉलिसीत बसत नाही. मी त्या तारखा नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराला दिल्या. निम्मे पैसे आदल्या दिवशी जमा झाले. तिथे तेल पुसायचं नव्हतं, पण द्राक्षावरची पांढरट भुकटी बोट लागून पुसली गेली की घड बाद, त्यामुळे सुती हातमोजे मात्र पुन्हा आणावे लागले.