पद्मिनीचं कूलिंग: रेडिएटर झाला, पंखा बसला, श्राउड बाकी

गाडी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, मूळची डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र). मोकळ्या रस्त्याला तापमानाचा काटा मधोमध. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्यापासून रांग लागली की चढायला सुरुवात. म्हणजे कमी पडतो तो वारा. मूळ पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन आयडलिंगला आलं की तोही पेंगतो.

तरी आधी रेडिएटरच उतरवला. राबोडीत वरची टाकी उघडली तर निम्म्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पाजलेलं. तांब्या-पितळेचा कोअर (नळ्या आणि जाळीचा गाभा) ठेवायचाच होता, म्हणून सळई मारून नळ्या मोकळ्या केल्या आणि टाकी पुन्हा झाळून घेतली. कॅप नवी. ती ७ पीएसआय दाब धरत असेल तर पाणी १०० ऐवजी ११० अंशांच्या आसपास उकळतं. एवढ्याशा वस्तूकडे कोणी बघत नाही.

‘मुंबईच्या हवेत थर्मोस्टॅट कशाला, काढून टाका’ हा सल्ला नाक्यानाक्यावर फुकट मिळतो. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी ही झडप. मी नवी बसवली. ती नसली की इंजिन तापायला वेळ लागतो, चोक ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जातं आणि सिलिंडर झिजतात ते वेगळंच.

आता पंखा. मारुती ८०० चा घेतला, रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा. मूळ पंखा काढून जपून ठेवलाय. वरच्या होजमध्ये थर्मो स्विच: ९२ ला चालू, ८७ ला बंद. पंख्याचा करंट स्विचमधून नाही, रिलेमधून; फ्यूज बॅटरीजवळ. खरी मेख पुढे आहे. पंखा लागतो जाममध्ये, आणि नेमका तेव्हाच डायनॅमो जवळजवळ काही देत नाही. त्यात रात्र, पाऊस, हेडलाइट, वायपर. बॅटरी बसणारच. म्हणून डायनॅमोच्या जागी आयडलिंगलाही करंट देणारा अल्टरनेटर आधी, पंखा नंतर. हा क्रम उलटा करू नका.

वायरची उलटापालट झाली तर पंखा उलटा फिरतो आणि तरीही छान घोंघावतो. रेडिएटरपुढे वर्तमानपत्राचं पान धरलं, ते फटकन चिकटलं. दिशा बरोबर.

एकही नवं भोक पाडलेलं नाही, सगळं ब्रॅकेटवर. २०२१ च्या नियमांत विंटेज नोंदणीला चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. रेडिएटर, पंखा त्यात येत नाहीत, पण कटकट नको.

परवा संध्याकाळी गायमुखचा चढ, पुढे कंटेनर, एसटी मागे. काटा थोडा वर गेला, पंखा लागला, खाली आला. श्राउड, म्हणजे पंख्याला सगळ्या कोअरमधून हवा ओढायला लावणारं कवच, अजून नाही, त्यामुळे कोअरच्या कोपऱ्यांना वारा मिळतच नाही. पत्र्याचा करावा की फायबरचा? कुणी केला असेल तर मापं टाका.