कॅप्टनच्या जागी पहिल्या वर्षाची गार्ड

बास्केटबॉलच्या संघातली सर्वांत भरवशाची खेळाडू ऐन स्पर्धेच्या तोंडावर जायबंदी झाली, की बाकावरच्या नव्या मुलीला "आता तिच्या जागी तू" असे सांगितले जाते. मला या सांगण्यावरच आक्षेप आहे, आणि गेल्या मोसमात सोलापुरात जे पाहिले त्यामुळे तो अधिक पक्का झाला आहे. खेळाडूंच्या यादीत एक नाव खोडून दुसरे लिहिता येते. मैदानात मात्र जी मुलगी नाही तिचे काम उरलेल्या पाचजणींत नव्याने वाटावे लागते. ती वाटणी न करता सगळा भार नवख्या मुलीवर टाकला आणि ती कोलमडली, तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

मी स्वतः याच शहरात महाविद्यालयीन काळात गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून पुढे नेणारी खेळाडू, म्हणून खेळले आहे आणि आता सकाळच्या वेळी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाचा सराव घेण्यास मदत करते. आमचे मैदान सिमेंटचे आहे, त्यामुळे सोलापूरचे ऊन चढायच्या आत सराव उरकावा लागतो. अशाच एका सकाळी आमची कॅप्टन रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटवर आपटून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, उंच उडाली आणि खाली येताना तिचा पाय दुसरीच्या पावलावर पडला. बास्केटबॉलमधली ही अगदी नेहमीची दुखापत आहे : पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट ताणले जाते किंवा फाटते. आवाज आला तेव्हाच आम्ही काय ते समजलो. डॉक्टरांनी काही आठवडे मैदानात पाऊल टाकायचे नाही असे बजावले, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तर दारात येऊन ठेपली होती.

कॅप्टन आमची पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू आपल्या बास्केटखालून घेऊन मध्यरेषेपलीकडे नेण्याचे काम तिचे. नियमाप्रमाणे त्यासाठी आठ सेकंद मिळतात आणि एकूण चोवीस सेकंदांत बास्केटवर फटका मारावा लागतो. त्या आठ सेकंदांत प्रतिस्पर्धी अंगावर धावून येतात, त्यालाच प्रेस म्हणतात. कॅप्टनला प्रेसची भीती कधी वाटली नाही. ती एकटीच दोघींना चुकवून पुढे जायची, कोणती चाल खेळायची ते बोटांनी दाखवायची आणि घड्याळ संपत आले की फटकाही तीच मारायची. बाकीच्या चौघी तिला चेंडू देऊन निर्धास्तपणे पुढे पळून जायच्या. अशी सवय जडली की संघ बाहेरून मजबूत दिसतो, पण त्याचा सगळा डोलारा एका घोट्यावर उभा असतो.

तिच्यानंतर गार्ड म्हणून पहिल्या वर्षाची एकच मुलगी होती. ही शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, घरात तेलुगू बोलतात आणि मैदानात मराठी. हात वेगवान, पास नेमका, पण ड्रिबल करताना, म्हणजे चेंडूचे टप्पे देत पुढे जाताना, नजर चेंडूवर खिळलेली. नवख्या गार्डचे हे मोठे वैगुण्य असते, कारण चेंडूकडे बघणारीला मोकळी सोबतीण दिसत नाही. मी तिच्यासमोर उभी राहून हाताची बोटे वर करायचे आणि तिने ड्रिबल न थांबवता आकडा सांगायचा, असा सराव आम्ही रोज घेऊ लागलो. चेंडू घेऊन निघाली की ती आठ सेकंद मोजण्यासाठी तोंडातल्या तोंडात "ओकटी, रेंडू, मूडू" म्हणत राहायची. मोजण्याच्या नादात पाय थबकत नाहीत, हे मला फार आवडले आणि तिला ते सोडायला मी कधीही सांगितले नाही.

संघातल्या मुलींनी तिला धीर देण्यासाठी मोबाइलवर मॅजिक जॉन्सनच्या त्या प्रसिद्ध सामन्याची क्लिप दाखवली. हेतू चांगला होता, परंतु त्या सामन्यातून नेमके काय घ्यायचे याबद्दल माझे मत वेगळे आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

साल 1980. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्स फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सविरुद्ध खेळत होते. पाचव्या सामन्यात लेकर्सचा सात फूट दोन इंच उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, करीम अब्दुल-जब्बार याचा घोटा मुरगळला, तरीही तो परत मैदानात उतरला, त्याने 40 गुण केले आणि लेकर्सने मालिकेत 3-2 अशी आघाडी घेतली. त्या मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू असलेला हा माणूस सहाव्या सामन्यासाठी फिलाडेल्फियाला जाऊच शकला नाही. 16 मेच्या त्या सामन्यात सुरुवातीला दोघांमध्ये चेंडू वर उडवतात त्या जंप बॉलसाठी सेंटर म्हणून उभा राहिला तो वीस वर्षांचा, पहिल्याच मोसमात खेळणारा गार्ड मॅजिक जॉन्सन. त्याने 42 गुण, 15 रिबाउंड आणि 7 असिस्ट (सोबत्याला बास्केट मिळवून देणारे पास) केले, मिळालेले चौदाच्या चौदा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके) बास्केटमध्ये घातले, लेकर्सने 123-107 असा सामना आणि त्याबरोबर विजेतेपद जिंकले, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत त्या रात्री हा सामना थेट दाखवलाही गेला नाही. रात्री साडेअकराला त्याचे आधी टेप केलेले प्रक्षेपण झाले.

एवढेच सांगून गोष्ट थांबवली की ऐकणाऱ्या मुलीच्या पोटात गोळा येणारच, कारण तिला वाटते की आपल्यालाही असेच काहीतरी करून दाखवायचे आहे. परंतु त्याच सामन्यात लेकर्सच्याच जमाल विल्क्सने 37 गुण केले होते, आणि तो आकडा क्वचितच कोणी सांगते. फिलाडेल्फियाचा धिप्पाड सेंटर डॅरिल डॉकिन्स याला बचावात रोखण्याची जबाबदारी लेकर्सच्या जिम चोन्सवर होती, जॉन्सनवर नव्हती. जॉन्सन जंप बॉलला उभा राहिला म्हणून त्याने करीमसारखा खेळ केला असे नाही. करीम नसल्यामुळे लेकर्स अधिक वेगाने पळाले, चेंडू एका ठिकाणी थांबला नाही, आणि मध्यंतराला 60-60 अशी बरोबरी असलेला सामना त्यांनी उत्तरार्धात आपल्याकडे ओढला. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या रात्री बाकावर बसलेला प्रशिक्षक पॉल वेस्टहेड हासुद्धा दुसऱ्याच्या दुखापतीमुळेच त्या खुर्चीत आला होता. मोसम सुरू होऊन जेमतेम चौदा सामने झाले असताना मुख्य प्रशिक्षक जॅक मॅकिनी सायकलवरून पडून गंभीर जखमी झाला आणि सहायकाकडे संघ आला. म्हणजे हा संघ नोव्हेंबरपासूनच एकाचे काम दुसऱ्याने उचलण्याला सरावलेला होता. शिवाय जॉन्सन नवखा होता तो केवळ नोंदीपुरता. अंतिम सामन्यापर्यंत त्याने संपूर्ण मोसम खेळून काढला होता आणि शाळेत असताना तो सेंटर म्हणूनही खेळला होता. आमच्या मुलीने महाविद्यालयाकडून सुरुवातीच्या पाचांत एकही सामना खेळला नव्हता.

वाटणी करायला माणसेच नसतील तर काय होते, याचे उदाहरणही फिलाडेल्फियाच्याच संघाचे आहे. 9 जानेवारी 2021 रोजी कोविड आणि दुखापती यांमुळे त्यांचे सातच खेळाडू मैदानात उतरले, त्यामुळे टायरीस मॅक्सी या नवख्या गार्डला पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळवले गेले. त्याने 39 गुण केले आणि संघ डेन्व्हरच्या संघाकडून हरला. त्या मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे, परंतु भार उचलायला दुसरे कोणी नसेल तर 39 गुणही पुरत नाहीत.

हे सगळे मनात ठेवून आम्ही कॅप्टनचे काम तोडून वाटले. चेंडू वर आणण्यास सुरुवात नवी मुलगी करील, प्रेस आला तर आमची उंच फॉरवर्ड धावत मध्यवर्तुळात येईल आणि तिच्याकडून चेंडू घेईल, चाल सेंटर ओरडून सांगील, आणि घड्याळ संपत आल्यावर फटका जिच्या हाती चेंडू असेल तिने मारायचा. नव्या मुलीने तो मारलाच पाहिजे अशी सक्ती नाही. सरावात हे चांगले जमत होते.

पहिला सामना बार्शीच्या एका महाविद्यालयाशी होता. आपले विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे असल्यामुळे दरवर्षी तेच संघ आणि त्याच मुली समोर येतात. आमची कॅप्टन नाही, हे त्यांना मैदानात शिरण्यापूर्वीच ठाऊक होते. त्यांनी पहिल्या मिनिटापासून प्रेस लावला. आमची मुलगी चेंडू घेऊन उजव्या बाजूने निघाली, मध्यरेषा ओलांडली आणि तिथेच कोपऱ्यात अडकली. अनुभवी संघ नेमक्या याच ठिकाणी सापळा लावतात, कारण मध्यरेषा ओलांडल्यावर चेंडू मागे नेता येत नाही, बाजूची रेषा बाहेर जाऊ देत नाही आणि समोर दोघी हात पसरून उभ्या असतात. चेंडू हिसकावला गेला आणि त्यांचा सोपा लेअप, म्हणजे बास्केटखालून मारलेला फटका, झाला. पुढच्याच खेपेला तसेच घडले, आणि त्याच्यापुढच्याही.

प्रेक्षकांतून "त्या नवीला बसवा" असे ओरडणे सुरू झाले. मी मात्र फॉरवर्डकडे बघत होते. ती मध्यवर्तुळात येतच नव्हती. ठरवलेले विसरून जुन्या सवयीने थेट बास्केटकडे पळत होती, कारण गेली दोन वर्षे तिला मागे वळून पाहण्याची गरजच पडली नव्हती. सापळ्यात अडकली होती नवी मुलगी, पण बदलायला हवी होती ती जुन्या मुलींची सवय.

आम्ही टाइमआउट घेतला. कॅप्टन घोट्याला क्रेप बँडेज बांधून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसली होती. मुलगी धापा टाकत तिच्याजवळ गेली.

"अक्का, दोघी एकदम अंगावर येतात. मी कुठनं जाऊ?"

"जाऊ नकोस की. दोघी तुझ्यावर आल्या म्हणजे आपली एकजण मोकळी आहे. थांब, मान वर कर, आणि तिला दे." मग फॉरवर्डकडे वळून ती म्हणाली, "आणि तू पुढं पळालीस तर ही देणार कुणाला?"

कॅप्टनने दुसरे वाक्य बोलले याचा मला मनापासून आनंद झाला. ते मी बोलले असते तर सूचना ठरली असती. तिने बोलल्यामुळे ती जबाबदारी ठरली, कारण आजवर ज्या कामासाठी सगळ्या तिच्यावर विसंबून होत्या ते काम आता वाटले गेले आहे, हे तिने स्वतःच्या तोंडाने मान्य केले.

त्यानंतर फॉरवर्ड वर्तुळात येऊ लागली. मुलगी दोघींना अंगावर येऊ द्यायची आणि अगदी शेवटच्या क्षणी त्यांच्यावरून पास टाकायची. तिथून चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की आमच्या तिघींसमोर त्यांच्या दोघीच उरायच्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बार्शीच्या संघाने प्रेस सोडला. सामना आम्ही थोडक्यात जिंकला, पुढच्या फेरीत सरस संघाकडून हरलो.

गुणपत्रिकेवर त्या मुलीच्या नावापुढे थोडेच गुण लागले. आपल्याकडे पंचांच्या टेबलावर जी गुणपत्रिका भरतात तिच्यात बास्केट आणि फाउल लिहिले जातात. असिस्टला रकाना नसतो, प्रेस मोडण्याला तर नसतोच. म्हणून मी आता माझ्या वहीत वेगळी नोंद ठेवते : चेंडू किती वेळा आठ सेकंदांत पलीकडे पोचला आणि त्यात किती जणींचे हात लागले. निवड करणाऱ्यांनी असे काही पाहिल्याशिवाय नवख्या गार्डविषयी मत बनवू नये, असे मला ठामपणे वाटते.

खरी कसोटी कॅप्टन बरी झाल्यावर सुरू झाली, आणि याही बाबतीत लेकर्सची पुढची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1980-81 च्या मोसमात खुद्द जॉन्सनच्याच गुडघ्याची कूर्चा फाटली आणि तो 45 सामने बाहेर राहिला. त्याच्याविना संघाने आपली घडी बसवली. तो परतल्यावर ती पुन्हा बदलावी लागली, आणि विजेता असलेला हा संघ पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून हरला. हरण्याची कारणे अनेक असतील, पण परत आलेल्या मोठ्या खेळाडूला पूर्वीचे सगळे काम तत्काळ परत देऊन टाकणे हे शहाणपणाचे नाही, असे मी त्यातून घेते. बरा झालेला घोटा काही काळ पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते, हेही आहेच.

आमच्या संघात यावर बोलणे झाले तेव्हा तोडगा कॅप्टननेच सुचवला. पुढच्या स्पर्धेत दोघी एकत्र खेळतील. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये चेंडू नवी मुलगी आणील, कॅप्टन बाजूला राहून फटका मारण्यासाठी मोकळी होईल, आणि प्रेस आलाच तर मध्यवर्तुळात फॉरवर्डऐवजी ती स्वतः येईल. फॉरवर्डला हे पटलेले नाही. ती जागा आता तिला आवडू लागली आहे, आणि सोमवारच्या सरावात दोन्ही प्रकारे खेळून पाहायचे असे ठरले आहे.