शपथेआधीची नगरसेवकी

बेळगाव महापालिकेचं मतदान 3 सप्टेंबर 2021 ला झालं, 6 तारखेला मतमोजणी. 58 नगरसेवक निवडून आले, पण महापौर निवडायला 6 फेब्रुवारी 2023 उजाडावा लागला. मधले सतरा महिने ना शपथ, ना सभा, ना स्थायी समिती. निवडून आल्याचा दाखला तेवढा हातात. शहरातल्या वडगाव भागात हातमाग-यंत्रमागाचं काम करणारे एक नगरसेवक होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी त्या काळात काय केलं, ते प्लंबिंगच्या कामामुळं मला जवळून बघायला मिळालं.

2022 चा पावसाळा, वडगावची मंगाई देवीची यात्रा तोंडावर आलेली. सकाळीच अण्णांचा फोन आला, "गल्लीत जुलाब-उलट्या लागल्यात, पाण्याला वास मारालाय. क्लोरीन बघायची बाटली घेऊन या."

मी पोचलो तेव्हा माणसं भडकलेली, रस्ता अडवायच्या तयारीत. त्यांचा राग खराच होता. घरात लहान पोरं पडलेली. अण्णा म्हणाले, "पैला ह्या नळाचं पाणी पिणं बंद करा की ओ, रस्ता कुठं पळून जात नाही." मागावर हिशेब लिहायच्या वहीचं पान फाडून त्यांनी रकाने आखले: घर, आजारी किती, कधीपासून, पिण्याचं पाणी नळाचं की विहिरीचं. तासाभरात चित्र स्पष्ट झालं. विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरांत कुणीच आजारी नव्हतं, आणि नळवाल्यांत आजार सुरू होत होता तो गल्लीच्या मधल्या वळणानंतर. सगळा प्रभाग आजारी असता तर टाकीवर संशय घेतला असता. इथं दोष या गल्लीतल्या वाहिनीतच होता.

पाणी सुटल्यावर वरच्या टोकापासून एकेक नळ तपासला. परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिन या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलं पाहिजे. वळणाच्या अलीकडं पिवळं, पलीकडं पांढरं स्वच्छ. तुटलेला धागा शोधावा तसे अण्णा घराघरातून पुढं सरकत होते, आणि ज्या दोन घरांमध्ये रंग बदलला नेमकं तिथं थांबून म्हणाले, "इथं पूर्वी एक जोडणी होती, ते बिऱ्हाड गेलं."

खणलं तर तेच निघालं. जुना अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गटारातून आडवा गेलेला, तोंडाला लाकडी गुट्टी ठोकून सोडलेला, आणि खालच्या अंगाने गंजून चाळणी झालेला. दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात हाच घात होतो. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आतला दाब उतरतो आणि भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तेच घरात शिरतं.

पाणीपुरवठ्याची माणसं दुपारी आली. त्यांनी मुख्य वाहिनीवरची फेरूल (घरची जोडणी जिथून निघते तो तुकडा) काढून तिथं प्लग बसवला, मग टोकाचा व्हॉल्व्ह उघडून गल्लीची लाइन धुतली. घरांच्या टाक्या आम्ही बघितल्या: 33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला दीडशे ग्रॅम, बादलीत कालवून वरचं निवळ तेवढं ओतायचं, चार तास ठेवून सगळं सोडून द्यायचं. गाळ टाकीत गेला तर चोथा तळाला बसतो. पुढचे काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच प्यायचं, हे अण्णा प्रत्येक उंबऱ्यावर सांगत फिरले.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी केलेलं कागदाचं काम. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. वहीच्या पानाची नक्कल, गंजलेल्या पाइपचा फोटो, आणि दोन प्रतींपैकी एकीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही, हे ते मजुरीच्या तंट्यांत शिकले होते. सभागृहात बसायची सोय नसलेल्या माणसाला एवढाच आधार होता.

नंतर त्यांनी प्रभागातल्या बंद जोडण्यांची यादी धरली. ज्याची जोडणी तोडायची आहे त्याने मीटर निघाला म्हणून समाधान मानू नये. फेरूल मुख्य वाहिनीवर बंद झाली का ते उभं राहून बघावं आणि खड्डा बुजवायच्या आत फोटो काढावा.