नारळीकरांनी महास्फोट मानला नाही, मग राहिले काय?

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही आणि जगाने मात्र ते स्वीकारले. मग त्यांचे योगदान नेमके कोणते? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. गेली सव्वीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा हे उत्तर एका शिक्षिकेचे आहे.

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. केंब्रिजमध्ये त्यांनी आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील उरलेल्या सर्व द्रव्यामुळे तिला तो प्राप्त होतो, असा विचार होता. पुढच्याच वर्षी, अवकाशात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी तो महास्फोटाचा पुरावा मानला. तरीही नारळीकर महास्फोटाऐवजी आरंभ नसलेल्या विश्वाची पर्यायी मांडणी करीत राहिले आणि १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह तिचे सुधारित रूपही त्यांनी पुढे ठेवले. तेही फारसे स्वीकारले गेले नाही. मात्र ती मांडणी गणितासह होती, कोणालाही तपासता येईल अशी होती, म्हणून ते श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही.

परंतु माझ्या वर्गात नारळीकर येतात ते दुसऱ्याच वाटेने. फलज्योतिषाची कसोटी घ्यायची म्हणून २००८ साली त्यांनी आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह काही सहकाऱ्यांनी पुण्यात एक प्रयोग केला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन, कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. मी हा निकाल मुलांना आधी सांगत नाही. नववीची मुले जोडीजोडीने नाणे चाळीस वेळा उडवतात, छापा की काटा ते आधी वहीत लिहून ठेवतात आणि बरोबर आलेले आकडे फळ्यावर मांडतात. कोणाचे सतरा येतात, कोणाचे बावीस. ज्योतिषांची सरासरी चाळिसांत अठराच्या आसपास होती, हे त्यानंतर सांगितले की वर्ग एकदम शांत होतो. एकदा एका मुलीने विचारले, एखाद्या ज्योतिषाचे पंचवीस बरोबर आले असते तर? मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरच्या दोघांनी फळ्याकडे बोट दाखवले. त्यांचेच पंचवीस आले होते.

दुसरी गोष्ट मराठीची. त्यांची 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाने नावाचा आधार न घेता कथा परीक्षकांपुढे ठेवावी, याचे मला फार मोल वाटते. आज आमची मुले 'कृष्णविवर' हा शब्द सहज वापरतात, त्यात त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे.

आणि पुण्यातले आयुका, म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेल्या या केंद्राचे ते संस्थापक संचालक. ज्या महाविद्यालयात ना मोठे ग्रंथालय, ना संगणक, ना खगोलशास्त्रावर बोलायला कोणी सोबती, तिथल्या प्राध्यापकाने काही आठवडे इथे येऊन राहावे, काम करावे आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावे, ही त्यामागची कल्पना. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्रतिष्ठेचे स्थान सोडून ते यासाठी पुण्यास आले होते.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. ही रीत मी वर्गात उचलली आहे. मुले कार्डाएवढ्या कागदावर प्रश्न लिहून टेबलावरच्या डब्यात टाकतात आणि शनिवारी आम्ही डबा उघडतो. ते गेल्यानंतर शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच शनिवारी एक कागद निघाला: सगळीकडे तारे आहेत, तर रात्री आकाश काळे का? त्याचे उत्तर देताना मला फळ्याचे दोन भाग करावे लागले. एका बाजूला महास्फोट लिहिला: विश्वाला वय आहे, म्हणून दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून इथवर पोचलेलाच नाही. दुसऱ्या बाजूला हॉईल-नारळीकरांचे आरंभ नसलेले विश्व: तेही प्रसरण पावते, म्हणून दूरचा प्रकाश क्षीण होत जातो. तास संपल्याची घंटा झाली तरी मुले दोन्ही बाजू वहीत उतरवून घेत होती.