मागच्या गेटला

"ताई, ही शिराझ आमच्या बागेतली पण असू शकते," लाल वाईन ग्लासात ओतता ओतता तो पोरगा हळूच म्हणाला.

नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत आम्ही पाच मैत्रिणी. तोवर तो इंग्लिशमध्येच सांगत होता, ग्लास असा फिरवा, आधी वास घ्या, शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनमध्ये पेरू सापडतो का बघा. आमचं मराठी ऐकलं आणि गाडी मराठीवर आली, मग मात्र काय सुंदर सांगितलं त्याने! वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा बारीक, बी असलेलं, जाड सालीचं, आणि लाल रंग रसात नसतोच, तो सालीतून उतरतो. नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी, फळासाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारीपासून तोडणी, आणि मध्येच अवकाळी आला की घरात कुणी नीट जेवत नाही.

मी विचारलं, वडिलांना आवडली का वाईन?

"ते माळकरी आहेत. क्रेट घेऊन मागच्या गेटला येतात, वजन झालं की परत. पण द्राक्षाचा मणी नुसता तोंडात टाकून साखर किती आली ते सांगतात, मशीन नंतर तेच दाखवतं."

ते 'मागच्या गेटला' डोक्यातून जातच नाहीये. आम्ही पुढच्या दाराने गेलो, फोटो काढले, तासभर चव शोधत बसलो, आणि ती चव ज्याच्या जिभेला पाठ आहे तो माणूस त्या टेबलापर्यंत कधी आलाच नाही. वाईन नको त्यांना, बरोबरच आहे. पण नुसती द्राक्षं चाखत त्यांनी बोलावं असं कुणी ठरवलं तर मी पुन्हा नाशिकला जाईन. तुम्ही याल ऐकायला?