चष्म्यासकट समुद्रावर

पुसद तालुक्यातल्या माझ्या माहेरी गेले की लग्नात, तेरवीत, अगदी कापसाच्या वेचणीच्या घाईतसुद्धा कोणी ना कोणी विचारतेच, "आत्या, एवढा जाड चष्मा लावून शिडाच्या बोटीत कशा जाता? लेझर काहून करत नाई?" विचारणारे मायेने विचारतात, परंतु चष्मा हे एक व्यंग आहे आणि ते घालवल्याशिवाय बाईने समुद्राचे नाव काढू नये, हा निकाल त्या प्रश्नातच दिलेला असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझा नंबर मायनस साडेसहा आहे. चष्म्याशिवाय डोळ्यांपासून साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतचे मला स्पष्ट दिसते, पुढचे सगळे धूसर. लेझरने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा थर कमी करतात, आणि नंबर जितका मोठा तितका थर जास्त जातो. माझा पडदा मुळातच पातळ असल्यामुळे डॉक्टरांनी नाही म्हटले. कॉन्टॅक्ट लेन्सचे म्हणाल, तर बोटीवर हात सतत खारट आणि डिझेलचे असतात, गोडे पाणी मोजून वापरावे लागते, आणि झोपेतून केव्हा हाक येईल याचा नेम नसतो. लेन्स घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी वाढतो. लेन्सला समुद्राचेच काय, नळाचेही पाणी लागू द्यायचे नसते, कारण पाण्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव डोळा कायमचा अधू करू शकतो. किनारा काही दिवसांच्या अंतरावर असताना ती जोखीम मी घेत नाही.

राहिला चष्मा, आणि त्याने एका रात्री माझी परीक्षा घेतली. आम्ही मुंबईहून मालदीवला निघालो होतो. मिनिकॉय आणि लक्षद्वीपची बाकीची बेटे यांच्यामधल्या नाइन डिग्री चॅनेलमधून मोठमोठ्या मालवाहू जहाजांची ये-जा चालते. मध्यरात्रीनंतरचा पहारा माझा एकटीचा होता, सुकाणू ऑटोपायलटवर होते, आणि समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा, म्हणजे त्याची डावी बाजू, मला स्पष्ट दिसत होती. एवढ्यात पावसाची जोरदार सर आली, वारा फिरला, पुढचे शीड फडफडू लागले. दोर सैल करायला मी वाकले, तोच त्या दोराचा फटका गालावर बसला आणि चष्मा मानेमागच्या पट्ट्यासकट पाण्यात गेला.

त्या क्षणी जहाजाचे सगळे दिवे एकमेकांत मिसळून पांढरट-तांबूस असे एकच मोठे वर्तुळ झाले. लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले तर जहाज सरळ आपल्यावर येत आहे, हे शिडाच्या बोटीवरचा नवखाही जाणतो. मला मात्र त्या वर्तुळात हिरवा मिसळला आहे की नाही हेच ओळखता येईना. मी ओरडून कप्तानांना उठवले आणि "मला दिसत नाही" असे स्वच्छ सांगितले. दुसरा चष्मा जिन्याजवळच्या पेटीत होता. चाचपडत तो काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली असतील. जहाज लाल बाजू दाखवतच दुरून निघून गेले. गालावरचा वळ आठवडाभर राहिला.

सकाळी कप्तान सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, यापुढे रात्रीचा पहारा एकटीने करू नका." तेव्हा मला तो शुद्ध अन्याय वाटला, आणि अर्धा अजूनही वाटतो. आमच्यातल्या एका गृहस्थांना चाळिशीच्या चष्म्याशिवाय नकाशावरचे बारीक आकडे रात्रीच्या तांबड्या उजेडात वाचता येत नव्हते. त्यांचा पहारा कोणी काढला नाही. परंतु हेही खरे, की त्यांना जहाज दिसले असते आणि मला ते दिसत नव्हते. मी खबरदारी घेतली होती, माझ्या जागी कोणीही असते तरी तो फटका बसलाच असता, असे मी स्वतःला अनेकदा समजावले आहे. पडदा जाड असता तर लेझर केले असते का, या प्रश्नाला पूर्वी मी ठामपणे नाही म्हणत असे. त्या रात्रीपासून तसे म्हणवत नाही.

आता दुसरा चष्मा अंगावरच्या जॅकेटच्या चेनच्या खिशात असतो आणि तिसरा पेटीत. नंबराच्या कागदाची प्रत सिलिंडर, अ‍ॅक्सिस (तिरप्या नंबराचे आकडे) आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर यांसह सोबत असते, म्हणजे कोणत्याही बंदरात काचा बनवून घेता येतात. तुषार वाळले की काचेवर मिठाचे बारीक खडे राहतात. त्यावर ओढणीचे टोक फिरवले की ओरखडे पडतात, आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती त्या ओरखड्यांची प्रभा दिसते. म्हणून आधी गोड्या पाण्याचा फवारा, मग कापड. पाण्यावरची चकाकी पोलराइज्ड काचांनी कमी होते आणि उथळ पाण्यातली प्रवाळे दिसतात, पण त्याच काचांतून नकाशाचा स्क्रीन एका कोनात काळा पडतो, तेव्हा त्या काढाव्या लागतात.

माझ्या भाचीला चष्मा आहे आणि तिला व्यापारी जहाजावर नोकरी करायची आहे. हौसेने शिडाची बोट चालवणे वेगळे आणि ती नोकरी वेगळी, हे मी तिला सांगितले आहे. डेक विभागात, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांत, प्रवेश घेताना चष्म्याशिवायची नजर चांगली लागते, इंजिन विभागात काही मर्यादेपर्यंत चष्मा चालतो, आणि रंग ओळखण्याची चाचणीही द्यावी लागते. तिने आधी डोळे तपासून घ्यावेत. "पोरीच्या जातीला, त्यातून चष्मा" असे म्हणणाऱ्यांनी तोपर्यंत थांबावे, एवढी माझी विनंती आहे.